दप्तर, किल्ली आणि संगणक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. गावोगावच्या ग्रामपंचायतीत संगणक येऊन बसला, तरी माणसाला साधा दाखला वेळेवर का मिळत नाही, हा तो विषय होय. प्रथम आम्ही संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यावर शिक्षकी पेशाच्या पदविकेचे; संगणकशास्त्र आम्हांस अवगत नाही, आणि मोबाईलवर अर्ज भरावयाचा झाल्यास अद्यापि नातीस हाक मारावी लागते. परंतु विचार करता असे ध्यानी आले की, हा प्रश्न मुळी यंत्राचा नाहीच. तो कचेरीचा आहे, तेथील वहिवाटीचा आहे. कचेरीची वहिवाट मात्र आम्ही जन्मभर पाहिली, टेबलाच्या या बाजूने पाहिली आणि त्या बाजूनेही पाहिली. तेव्हा त्या अधिकाराने बोलतो. अधिक-उणे होईल ते आपण सांभाळून घ्यावे.

आपल्या राज्यात २०११ साली ‘संग्राम’ या नावाने ग्रामपंचायतींत संगणक बसविण्यास आरंभ झाला. पुढे २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला आणि २०१६ पासून त्याच कामास ‘आपले सरकार सेवा केंद्र’ असे नाव मिळाले. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक असतो. तो आपणांपैकी किती जणांनी वाचला आहे, हे विचारून आम्ही कोणास लाजविणार नाही. त्यावर सात सेवा लिहिलेल्या असतात. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला, दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला, घराच्या नमुना आठचा उतारा आणि निराधार असल्याचा दाखला. प्रत्येकापुढे मुदत लिहिलेली असते, कोठे पाच दिवस, कोठे सात, निराधारास वीस. मुदतीत सेवा न दिल्यास संबंधित अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड करता येतो. आमच्या वडिलांच्या पिढीस असा कायदा कोणी सांगितला असता तर त्यांनी तो थट्टेवारी नेला असता.

असे असता अनुभव काय येतो? माणूस सकाळी जातो. संगणक परिचालक, म्हणजे तो मानधनावरचा मुलगा किंवा मुलगी, तेथे असतो. तो माहिती भरतो, कागद तयार करतो आणि म्हणतो, “साहेबांची स्वाक्षरी व्हायची आहे.” ही स्वाक्षरीही आता डिजिटल झाली आहे, बोटाएवढे एक यंत्र असते, ते संगणकाला लावावे लागते. ते यंत्र साहेबांच्या खिशात असते आणि साहेबांकडे दुसरे गाव असते. म्हणजे पूर्वी साहेब कपाटाची किल्ली खिशात घालून जात, आता स्वाक्षरी खिशात घालून जातात. यात बदलले काय?

हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तालुक्यापासून वरचा कारभार उर्दूत चाले आणि गावचे दप्तर मोडी अक्षरात, पटवाऱ्याच्या घरी, रुमालात बांधलेले असे. घरी, हा शब्द आपण लक्षात घ्यावा. दप्तर सरकारचे, पण ते राही पटवाऱ्याच्या माजघरात, आणि त्याच्यामागून त्याच्या मुलाच्या. कोणास आपल्या रानाचा कागद पाहावयाचा झाला तर तो हक्काने मागण्याची रीत नव्हती. सणावारी भेटावे, मर्जी पाहावी आणि मग विषय काढावा. त्यानंतर हैदराबाद संस्थान विलीन झाले, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. उर्दूची मराठी झाली, मोडीची बाळबोध झाली, पटवाऱ्याचा तलाठी झाला. अलीकडे २०२४ साली तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकास ग्रामपंचायत अधिकारी अशी नवी नामाभिधाने मिळाली. भाषा बदलली, लिपी बदलली, नावे बदलली. मात्र दप्तर ज्याच्या हाती तो त्याचा धनी, आणि मागणारा तो याचक, ही समजूत रुमालातून कपाटात आणि कपाटातून संगणकात, बिनबोभाट चालत आली.

दुसऱ्याचे दोष सांगणे सोपे असते, म्हणून आता स्वतःचे सांगतो. चिटणीसांस ठाऊक नाही, आम्ही हे प्रथमच चारचौघांत बोलत आहोत.

सन १९९७ मध्ये आम्ही एका खेड्यातील प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेचे जुने जनरल रजिस्टर, ज्यात मुलांचा प्रवेश, जन्मतारीख, जात आणि शाळा सोडल्याची नोंद असते, ते एका लोखंडी पेटीत असे आणि पेटीची किल्ली आमच्या जानव्यासारखी आमच्या अंगाशी असे. त्या रजिस्टरचे मोल आपणांस सांगावयास नको. अनुसूचित जातींस १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांस १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांस १९६७ पूर्वीचा पुरावा जातीच्या पडताळणीस लागतो, आणि गरिबाच्या घरी असा कागद कोठून असणार? तो असतो शाळेच्या रजिस्टरात, आज्याच्या किंवा बापाच्या नावापुढे. आश्विन महिन्यात एक गृहस्थ आले. ऊसतोडीस जाणारे, आपल्याच ज्ञातीचे. त्यांचा मुलगा बारावीस होता. त्यास अध्यापक विद्यालयात जावयाचे होते, म्हणजे आमच्यासारखे गुरुजी व्हावयाचे होते. जातीच्या दाखल्यासाठी बापास स्वतःच्या प्रवेशाचा उतारा हवा होता. आमच्याकडे त्या आठवड्यात विस्तार अधिकाऱ्यांची तपासणी होती. आम्ही म्हणालो, “पाहुणे, दिवाळीनंतर या.” ते म्हणाले, “गुरुजी, दिवाळीला आम्ही फडात असतो.” आम्ही म्हणालो, “मग आल्यावर या. उतारा कुठे पळून जातो?”

ते चैत्रानंतर परतले, तोवर परीक्षा आटोपून शाळेस सुटी लागली होती. पेटी शाळेत, किल्ली आमच्याबरोबर आमच्या सासुरवाडीस. जूनच्या मध्यास शाळा उघडली तेव्हा आम्ही उतारा दिला, आणि तो देताना आपण मोठे उपकार करीत आहोत अशीच आमची मुद्रा असावी. पुढे तहसिलीत त्यांना आपले दिवस लागले आणि प्रवेशाची तारीख निघून गेली. वीस मिनिटांचे काम होते. तो मुलगा पुढल्या हंगामात बापाबरोबर गेला. लग्न झाले आणि त्याचा स्वतंत्र कोयता झाला. आम्हांस त्याबद्दल कोणी जाब विचारला नाही. वडिलांनी तर नाहीच. भेटले की रामराम घालीत. तपासणीत आमच्या शाळेस उत्तम शेरा मिळाला होता.

आता कोणी म्हणेल, त्या वेळी संगणक असता तर हे झाले नसते. आम्हांस तसे वाटत नाही. २०१५ साली शाळांत ‘सरल’ नावाची संगणकीय पद्धत आली तेव्हा आम्ही नोकरीत होतो. प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर भरावयाची. दिवसा ती यंत्रणा गर्दीने अडून राही, म्हणून शिक्षक रात्री जागून भरीत. आम्ही मुख्याध्यापकांनी काय केले? ज्येष्ठ म्हणून ते काम शाळेतील सर्वांत तरुण शिक्षकाच्या अंगावर टाकले, “तुला येते, तू कर.” त्याने भरले की आम्ही त्याची छापील प्रत मागत असू, ती वहीत चिकटवीत असू, आणि वहीत पुन्हा हाताने लिहून घेत असू. संगणकाने श्रम वाचावेत, तर आम्ही ते तिप्पट केले. कारण मनात खोलवर विश्वास होता तो वहीवर, कारण वही आमच्या कुलुपात होती. तो तरुण शिक्षक बदलून गेला त्या दिवशी शाळेचा परवलीचा शब्द कोणासच ठाऊक नव्हता!

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर फार लांब जावे लागत नाही. आष्टी-पाटोद्याच्या शिवेला लागून अहमदनगर जिल्हा, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात. तेथे १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखीना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरी सुधारली ती एकही संगणक नसताना. वर्षानुवर्षे साचलेले कागद काढले, कोणता कायम ठेवावयाचा आणि कोणता मुदतीनंतर नष्ट करावयाचा याची अ, ब, क, ड अशी वर्गवारी नियमांत होतीच, ती खरोखर अमलात आणली. कोणत्या मेजावर कोणते काम, हे लिहून ठेवले. कागद कोठे आहे हे एका कारकुनाच्या स्मरणात न राहता कोणासही सापडेल असे झाले. त्यास ‘लखीना पॅटर्न’ म्हणत आणि तो पाहावयास लांबलांबचे अधिकारी येत. अशा कचेरीत उद्या संगणक ठेवला तर तो दुसऱ्या दिवसापासून कामास लागेल, कारण त्यात भरावयाचे ते आधीच लावलेले आहे. उलट जेथे कागदाचा ढिगारा आहे, तेथे संगणकात ढिगाराच भरला जातो.

आणखी एक उदाहरण, आपल्या टोळ्या ज्या मुलखात ऊस तोडावयास जातात तिकडचे. कोल्हापूर-सांगलीकडे वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. त्याची त्या काळी देशभर वाखाणणी झाली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, सर्व काही त्यातून मिळावे असा संकल्प होता. काही वर्षांनी अभ्यासक पाहावयास गेले तेव्हा त्या यंत्रांवर बहुतांशी एकच काम चाललेले दिसले, ते उसाचे. लागणीची तारीख, उसाचे वजन, शेतकऱ्याची पावती. यात आश्चर्य नाही. कारखान्यास वजनाची पावती चोख ठेवण्याची सवय आधीपासून होती, आणि शेतकऱ्यास ती पावती हक्काने मागण्याची सवय होती. जेथे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशी दोन्ही सवय तयार होती, तेवढेच काम यंत्राने उचलले. बाकीचे संकल्प कागदावर राहिले.

सातबाऱ्याची कथा तर आपणां सर्वांच्या घरची आहे. सातबारा संगणकावर आला तेव्हा त्यात चुका फार होत्या. कोणाचे क्षेत्र कमी, कोणाचे नाव गळालेले, कोणाचा बोजा फिटूनही तसाच. मग २०१७ साली उन्हाळ्यात सरकारने काय केले, तर चावडी-वाचन केले. गावकरी जमवावयाचे, सातबारे मोठ्याने वाचावयाचे, आणि ज्याची चूक असेल त्याने उठून सांगावयाचे. आम्ही आमच्या गावी त्या वाचनास बसलो होतो. अनेक वर्षांत प्रथमच दप्तर सर्वांसमक्ष उघडले गेले. एका म्हातारीने आपल्या मयत नवऱ्याचे नाव ऐकताच पदर सावरला. एक भाऊ दुसऱ्याकडे पाहू लागला. जे दहा वर्षे अर्ज करून झाले नव्हते ते कित्येकांचे काम त्या दोन दिवसांत मार्गी लागले. पुढल्या वर्षी, १ मे २०१८ पासून, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पंधरा रुपये भरावेत आणि तो छापून घ्यावा, कोणाचे तोंड पाहण्याचे कारण नाही. आम्हांस वाटते, सातबाऱ्याच्या या यशात यंत्राइतकाच वाटा त्या चावडीवरील वाचनाचा आहे. तथापि हेही पाहावे की, उतारा झटपट मिळतो, पण वारसाचा फेरफार अद्यापि रेंगाळतो. उताऱ्यास आता कोणाचा हात लागत नाही. फेरफारास नोटीस काढावी लागते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहावी लागते आणि शेवटी माणसाने मंजुरी द्यावी लागते. जेथे माणसाचा हात आला, तेथे जुनी वहिवाट आली.

येथे ग्रामसेवक मंडळींवर अन्याय होऊ नये. एकेकाकडे दोन-दोन गावे, पाणीपुरवठा, घरकुले, करवसुली, नमुना एक ते तेहेतीस अशी नोंदपत्रके, आणि त्यावर रोज एक नवे ॲप. वरिष्ठांच्या बैठकीत विचारतात ते किती नोंदी भरल्या हे. किती माणसे समाधानाने परत गेली हे कोणी विचारीत नाही. आम्हांसही तपासणीत रजिस्टर नीटनेटके आहे की नाही हेच विचारले गेले होते. आणि तो परिचालक! वित्त आयोगाच्या निधीतून त्याचे तुटपुंजे मानधन निघते, तेही वेळेवर नाही म्हणून त्यांनी वारंवार संप केले. साऱ्या गावाचा कारभार ज्याच्या बोटांवर, त्यास कचेरीत बसावयास धड खुर्ची नसते, कारण वहिवाटीने लेखनाचे काम हलके आणि सहीचे काम भारी. ही प्रतवारी आहे तोवर संगणक त्या खोलीत पाहुणाच राहणार.

आता एक अप्रिय गोष्ट, आणि ती आपल्या घरची आहे. आपल्यापैकी कोणास दाखला हवा असला तर आपण प्रथम काय करतो? अर्ज करतो का? नाही. आपण विचारतो, “तिथे आपला कोण आहे?” तहसिलीत ज्ञातीचा कारकून सापडला, पंचायत समितीत कोणाचा साडू निघाला, की आपण निश्चिंत होतो. फोन करतो, चहा पाजतो, काम होते. मंडळाच्या सभेत त्याचे कौतुकही होते. मागील दहा स्मरणिका चाळल्या तर अशा उपकारकर्त्यांच्या सत्काराची छायाचित्रे त्यांत आढळतील, आणि एकात आम्हीही हार घालताना उभे आहोत. परंतु अर्ज दिला नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून मुदत सुरू होत नाही, आणि मुदत नाही म्हणून अपील नाही. लोकसेवा हक्काचा सारा कायदा त्या पावतीच्या क्रमांकावर उभा आहे, आणि ती पावती घेण्याचेच आपण टाळतो, “आपल्या माणसाकडे पावती कशी मागायची?” असे आपणांस वाटते. कचेरीस आपण शिकवितो की, ओळखीने काम करणे हीच रीत. मग ज्याचा तेथे कोणी नाही, त्याने काय करावे? आणि आपल्याच ज्ञातीत असे घर पुष्कळ आहेत, कारण कारकून आणि मास्तर झालेली घरे थोडी आणि कोयता घेऊन जाणारी पुष्कळ. १९९७ साली आमच्याकडे आलेले ते गृहस्थ ‘आपल्या माणसाकडे’च आले होते.

मंडळाच्या कारभाराविषयीही एक शब्द, चिटणीसांनी राग मानू नये. ज्ञातीच्या कुटुंबांची यादी, वधूवरांची माहिती, विद्यार्थ्यांच्या मदतीचा हिशेब, हे सर्व एका गोदरेज कपाटात आहे आणि किल्ली एकाकडे आहे. दोन वर्षांपूर्वी तरुणांनी ती यादी संगणकावर घालण्याचे सुचविले तेव्हा “माहिती बाहेर जाईल” म्हणून तो ठराव पुढे ढकलला गेला. पुढे ढकलणाऱ्यांत आम्हीही होतो.

ज्यासाठी हे सर्व बोलावयाचे ती गोष्ट आता सांगतो. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा २०२३ साली सुधारला गेला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलास शाळेचा प्रवेश, मतदारयादी, विवाहनोंद, सरकारी नोकरी, या सर्वांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. आपली लेकरे कोठे जन्मतात? पुष्कळ लेकरे फडावरच्या कोपीत जन्मतात, परजिल्ह्यात. आणि नोंद होते ती जेथे जन्म झाला त्या गावी, आपल्या गावी नव्हे. एकवीस दिवसांत कळवावे लागते. वर्ष उलटले तर अधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. मुकादम म्हणतो, गावी गेल्यावर पाहू. गावचा ग्रामसेवक म्हणतो, येथे जन्म नाही, आम्ही नोंद कशी करावी? ते म्हणणे कायद्याने बरोबरही आहे. त्या परक्या गावी एकदा नोंद झाली, तर पुढे दाखला येथे बसून संगणकावर काढता येईल. पण नोंदच झाली नाही तर जगातील कोणताही संगणक तो देणार नाही. पूर्वी आम्ही मास्तर लोक प्रवेशाच्या वेळी मुलाच्या बापास पाहून अदमासे १ जूनची जन्मतारीख घालून देत असू. गावोगावी निम्मी पिढी १ जूनला जन्मलेली आहे ती त्यामुळे. ती सोय आता गेली.

म्हणून कार्यकारी मंडळाने आमची एक सूचना मान्य केली आहे, ती आपणांस कळवितो. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्यापूर्वी, भाद्रपदातील प्रत्येक रविवारी सकाळी, मंडळाच्या वसतिगृहाच्या पुढील खोलीत संगणक मांडला जाईल आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या दोन मुली तेथे बसतील. ज्यांस दाखला, उतारा किंवा निराधाराचा अर्ज करावयाचा आहे त्यांनी मूळ कागद घेऊन यावे, नुसती झेरॉक्स आणू नये. अर्ज रीतसर भरला जाईल आणि पावती हाती दिली जाईल. मुदत टळल्यास तीस दिवसांच्या आत पहिले अपील करावे लागते. ते लिहून देण्याचे काम आम्ही पत्करले आहे, अक्षर अद्यापि बरे आहे. ज्या घरी बाई बाळंत होण्याच्या बेतात आहे आणि टोळीबरोबर जाणार आहे, त्यांनी अवश्य यावे; जन्म झाल्यावर कोणत्या गावच्या ग्रामपंचायतीत काय सांगावयाचे ते एका कागदावर लिहून दिले जाईल. अर्जाची पावती घरी ट्रंकेत ठेवावी, मुकादमाजवळ देऊ नये. खोलीची किल्ली त्या दोन मुलींकडे राहील आणि दुसरी पहारेकऱ्याकडे. आमच्याकडे ती देऊ नये असे आम्हीच सांगितले आहे.